लिनक्स, आठ महिन्यांनंतर: झाकण मिटलं तरी लॅपटॉप जागाच

लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम वापरतोय. वाय-फाय, आवाज, प्रिंटर सगळं निमूट चालतं, त्यावर शब्द खर्च करत नाही. तक्रार एकच: झाकण मिटल्यावर मशीन झोपतं की झोपेचं सोंग घेतं?

हिशेब करा. बॅटरी ५० वॉट-तासांची, झोपेतला खर्च २ वॉट, रात्र ८ तासांची. १६ वॉट-तास, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश बॅटरी फुकट गेली. बॅगेत असेल तर तीच वीज उष्णता होऊन आत कोंडते. खर्च अर्ध्या वॉटवर आला तर रात्रीत ८ टक्के जातात. तेवढं चालवून घेता येतं.

सिस फोल्डरमधल्या पॉवरमध्ये मेम_स्लीप नावाची फाइल आहे, ती वाचा. चौकोनी कंसातला शब्द म्हणजे सध्याचा प्रकार. 'एस-टू-आयडल'मध्ये मशीन अर्धवट जागं राहतं. 'डीप' म्हणजे जुनी एस-थ्री झोप, वीज जवळपास फक्त रॅमला. यादीत 'डीप' असेल तर ग्रबमधल्या (मशीन सुरू होताना लिनक्स चालू करणारा प्रोग्रॅम) कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ओळीत मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप जोडा (रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता), ग्रब अपडेट करा, रीस्टार्ट करा. उघडल्यावर स्क्रीन काळीच राहिली तर ती ओळ काढून टाका.

सुरुवातीला याचं खापर लिनक्सवर फोडलं होतं, ते मागे घेतो. बऱ्याच नव्या लॅपटॉपांच्या फर्मवेअरमध्ये (कंपनीने मशीनमध्येच बसवलेला मूळ प्रोग्रॅम) एस-थ्री ठेवलेलंच नसतं, मग कर्नल करणार काय? तिथे एस-टू-आयडलच सुधारायचं. इंटेलच्या मशीनवर डीबग फोल्डरमधल्या पीएमसी_कोअरखाली एस-झिरो रेसिडेन्सीचा, म्हणजे चिपने खोल झोपेत काढलेल्या वेळाचा, आकडा असतो. झोपेआधी आणि नंतर रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन तो वाचा. वाढलाच नाही तर कोणीतरी चिपला खोल जाऊ देत नाही: एसएसडी, वेगळं ग्राफिक्स कार्ड, नाहीतर यूएसबी डोंगल. आधी डोंगल काढून मोजा, त्याला खर्च शून्य. मशीन आपोआप जागं होत असेल तर एसीपीआयची वेकअप यादी (कोणती उपकरणं मशीनला उठवू शकतात ती) तपासा; तिथे केलेला बदल रीस्टार्टनंतर पुसला जातो.

हायबरनेट, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद करणं, हा उपाय खरा, पण त्याला पुरेसा स्वॅप (डिस्कवरची राखीव जागा) लागतो आणि सिक्युअर बूट (फक्त सही केलेली सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर अनेक डिस्ट्रोंमध्ये, म्हणजे लिनक्सच्या आवृत्त्यांमध्ये, हा उपाय बंदच असतो. हे इन्स्टॉल करतानाच सांगायला काय जातं?

उष्णतेसाठी टीएलपी आणि पॉवर-प्रोफाइल्स-डिमन हे वीज सांभाळणारे दोन प्रोग्रॅम एकत्र ठेवू नका, एकमेकांच्या सेटिंग पुसतात. टर्बो (प्रोसेसरचा तात्पुरता जादा वेग) बंद केला की पंखा बराच शांत होतो, मोठं कंपाइल (कोडवरून प्रोग्रॅम तयार करणं) मात्र रेंगाळतं. लॅपटॉप कायम चार्जरवर असेल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवा, फर्मवेअर ती सोय देत असेल तर. आणि हीटसिंकमध्ये (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) धूळ साचली असेल तर यातलं काहीही करण्याआधी स्क्रू-ड्रायव्हर काढा.