कॅम्परच्या गॅसवर ग्रिल जोडून घेताना: सोलापुरात आमची झालेली फसवणूक

ट्रॅव्हलर किंवा मिनीबस कॅम्पर करून घेतली असेल आणि तिच्याच गॅस लाइनवर बाहेर ठेवायची छोटी ग्रिल जोडायचा विचार चालू असेल, तर 'इम्पोर्टेड आरव्ही किट' (आरव्ही म्हणजे अमेरिकेतली राहायची सोय असलेली गाडी) म्हणून आपल्याकडे जे विकलं जातंय ते घेण्याआधी हे वाचा. पैसे गेले त्याचं दुःख आहेच. पण त्या किटपायी आमच्या घरातलं माणूस भाजलं असतं. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमची गाडी साधी आहे. जुनी ट्रॅव्हलर घेऊन मागच्या सीट काढल्या, दोन बर्थ, छोटा ओटा आणि दोन बर्नरची शेगडी बसवली. पाच किलोचा सिलिंडर मागच्या बाजूला बाहेरून उघडणाऱ्या पेटीत असतो, पेटीच्या तळाला जाळी आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळाला तर तळाशी साचतो, म्हणून वाट खालूनच ठेवायची, हे गाडी बांधणाऱ्याने आम्हाला नीट समजावलं होतं. सिलिंडरवर गॅस एजन्सीतून घेतलेला घरगुती रेग्युलेटर, तिथून तांब्याची नळी शेगडीपर्यंत. आतलं काम एकदम चोख होतं, त्याबद्दल कसलीही तक्रार नाही.

माझ्या नणंदेचा मुलगा टेक्सासला असतो. तिकडे त्याच्याकडे आरव्ही आहे. येताना त्याने आमच्यासाठी एक पोर्टेबल गॅस ग्रिल आणली. अमेरिकेत ही ग्रिल एक पौंडाच्या, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅमच्या छोट्या प्रोपेन सिलिंडरवर चालते. तो सिलिंडर विमानातून आणता येत नाही आणि इकडे सहज मिळतही नाही. त्यामुळे ग्रिल गाडीच्या लाइनवरच जोडायची होती. भाच्याने फोनवर जे सांगितलं ते शंभर टक्के खरं होतं आणि पुढे दुकानदाराने त्याचाच फायदा घेतला. म्हणून आधी ते सांगते.

अशा ग्रिलच्या नॉबजवळ तिचा स्वतःचा रेग्युलेटर असतो. छोट्या सिलिंडरमधला जोराचा गॅस तिथे कमी होऊन बर्नरला जातो. तिकडच्या आरव्हीत मात्र टाकीजवळच एक रेग्युलेटर असतो. तो दाब ११ इंच पाण्याच्या उंचीइतका, म्हणजे सुमारे २८ सेंटिमीटर करतो आणि गाडीच्या बाजूला दिलेल्या जोडणीतून तोच कमी दाबाचा गॅस मिळतो. त्या जोडणीवर ग्रिल तिच्या रेग्युलेटरसकट लावली तर एकामागे एक दोन रेग्युलेटर होतात. दुसऱ्याला पुरेसा दाबच मिळत नाही आणि ज्योत मिणमिणते. म्हणून ग्रिलचा रेग्युलेटर काढून नळी थेट जोडतात. "मामी, ग्रिलच्या लेबलवर ११ इंच लिहिलंय का ते आधी बघा. असेल तरच हे करायचं," असं तो म्हणाला. लेबलवर तसंच लिहिलेलं होतं. आपला घरगुती रेग्युलेटरही साधारण ३० सेंटिमीटर पाण्याइतकाच दाब देतो, म्हणजे दोन्हीकडचं गणित जवळपास सारखंच. काम सोपं होतं. एक चांगली नळी आणि योग्य आट्यांची पितळी जोडणी, एवढंच लागणार होतं.

ती जोडणी शोधत आम्ही नवी पेठेच्या बाजूला फिरलो. दोन दुकानांत 'असलं काही नसतं ओ' असं उत्तर मिळालं. तिसऱ्या ठिकाणी मालकाने काचेच्या कपाटातून निळी पेटी काढली. वर सोनेरी पट्टीत इंग्रजीत 'आरव्ही किट, इम्पोर्टेड'. मिस्टरांनी भाच्याचं सगळं सांगितलं तसा तो म्हणाला, "बरोबर आहे मालक, ग्रिलचा रेग्युलेटर काढावाच लागतो. आमच्या किटमध्ये टाकीचा रेग्युलेटर नवा येतो, दोन लाइनी ओढतो. तुमचा घरगुती शेगडी आणि ग्रिल दोन्हीला पुरणार नाही. वहिनी, टेन्शनच घेऊ नका, माणूस पाठवतो." किटचे ८,५०० आणि फिटिंगचे १,५००, असे दहा हजार झाले. पैसे यूपीआयने दिले. बिल मागितलं तर 'जीएसटीचं बिल दुकानात तयार करून व्हॉट्सॲपवर पाठवतो' म्हणाला आणि हातात फक्त एक एस्टिमेटची चिठ्ठी दिली. ते बिल कधीच आलं नाही.

फिटर घरी आला, भरभर काम केलं. आमचा चांगला रेग्युलेटर काढून किटमधला बसवला, ग्रिलचा रेग्युलेटर काढला आणि 'हा आता भंगारच' म्हणत खिशात घातला. जाताना सगळ्या जोडण्यांना साबणाचं पाणी लावून दाखवलं, एकही बुडबुडा आला नाही. गळती खरंच नव्हती. साबणाचं पाणी गळती दाखवतं, दाब दाखवत नाही. फसवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

हुरड्याचे दिवस होते. नान्नजच्या बाजूला नातेवाइकांच्या शेतात आम्ही सगळे जमलो होतो. हुरडा आगटीवरच भाजत होतो. ग्रिल होती ती पनीर आणि मक्याच्या कणसांसाठी. जाऊबाईंनी नॉब जरासा फिरवला आणि लायटर धरला. फस्स असा आवाज आला आणि जाळीतून हातभर पिवळी ज्योत वर आली. त्यांच्या मनगटावरचे केस जळाले, ओढणी थोडक्यात वाचली. नॉब बंद करायला जावं तर तोवर प्लॅस्टिक मऊ होऊन हातात फिरत नव्हतं. माझ्या धाकट्या दिराने पळत जाऊन मागच्या पेटीतला रेग्युलेटर बंद केला म्हणून थांबलं. आतली शेगडीसुद्धा त्याच लाइनवर होती. तिथे कोणी चहा ठेवायला गेलं असतं तर बंद गाडीत काय झालं असतं, ते मला लिहवत नाही.

दुकानदाराला फोन केला. "ग्रिल अमेरिकेची आहे, आपला गॅस तिला सोसत नाही," असं त्याचं उत्तर. आपल्या एलपीजीत प्रोपेनबरोबर ब्युटेनही असतो हे खरं, त्यामुळे ज्योतीत थोडा फरक पडू शकतो. हातभर ज्योत त्याने येत नाही.

मग ओळखीतून चिंचोळी एमआयडीसीत गॅस पाइपलाइनचं काम करणारे एक जुने फिटर भेटले. त्यांनी दोन गोष्टी केल्या आणि त्या मी जन्मात विसरणार नाही.

पहिली म्हणजे रेग्युलेटरवरचा आयएसआयचा छाप त्यांनी अंगठ्याच्या नखाने उचकटला. तो स्टिकर होता. खाली धातूवर कोरलेली अक्षरं कानशीने घासलेली, पण इंग्रजीतलं 'हाय प्रेशर' तिरक्या उजेडात अजून वाचता येत होतं. हॉटेलच्या भट्टीला लागतो तो रेग्युलेटर. त्याच्या डोक्यावर दाब कमी-जास्त करायची चावी असते. आमच्या रेग्युलेटरवरची ती चावी कापून वर काळी टोपी चिकटवली होती. भट्टीवाल्यांकडे असा रेग्युलेटर काही शेकड्यांत मिळतो. चुकून दुसरा माल आला असता तर अक्षरं घासायची आणि चावी कापायची गरज कोणाला पडली असती?

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी गाडी मोकळ्या पटांगणात घ्यायला लावली आणि पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून पट्टीवर बांधली. तिच्यात निळं पाणी भरलं आणि एक टोक ग्रिलच्या जोडणीला लावलं. सिलिंडर केसभर उघडला तेवढ्यात पाणी नळीतून उडून बाहेर पडलं. मग आमचा जुना, एजन्सीचा रेग्युलेटर बसवला. तो दुकानाच्या फिटरने सुदैवाने पेटीतच टाकून ठेवला होता. या वेळी दोन्ही बाजूंच्या पाण्यात साधारण तीस सेंटिमीटरचं अंतर पडलं आणि पाणी तिथेच स्थिर राहिलं. हे बघितल्यावर कोणाला काही समजावून सांगायची गरजच उरत नाही. उन्हात तापलेल्या सिलिंडरमध्ये पाच-सहा बार (बार हे दाब मोजायचं एकक) दाब सहज असतो. घरगुती रेग्युलेटर तो सुमारे ०.०३ बारवर, म्हणजे त्याच तीस सेंटिमीटरवर आणतो. भट्टीचा रेग्युलेटर एक बारपर्यंत जरी उघडा असेल, तरी बर्नरला तीसपटीहून जास्त दाब जातो. आणि ग्रिलवर जो शेवटचा पहारेकरी होता, तो त्या माणसाच्या खिशात गेलेला.

नळीही खोटी निघाली. केशरी रंगाची, आत दोऱ्याची जाळी असलेली प्लॅस्टिकची, कॉम्प्रेसरच्या हवेला वापरतात तसली. एलपीजीच्या रबरी नळीवर आयएस ९५७३ हा क्रमांक, आयएसआय चिन्ह आणि बनवल्याचं वर्ष छापलेलं असतं. आमच्या नळीवर काहीच नव्हतं. कमी दाबाच्या रेग्युलेटरसाठी आयएस ९७९८ आहे. चिन्हाजवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असायला हवा आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की कोणत्या कारखान्याचा, कोणत्या वस्तूचा ते लगेच दिसतं. आमच्या स्टिकरवरचा क्रमांक टाकला तर भलत्याच वस्तूचा परवाना उघडला. दुकानातच, पैसे द्यायच्या आधी हे करता येतं, दोन मिनिटं लागतात. दुकानदार चिडला तर चिडू दे.

आता तेच फिटर काका जोडून देऊन गेलेत. सिलिंडर, एजन्सीचा रेग्युलेटर, तीच तांब्याची लाइन, बाहेर गॅससाठीचा वेगळा बंद-चालू व्हॉल्व्ह, त्यापुढे आयएसआयची रबरी नळी आणि नवा नॉब बसवलेली ग्रिल. नळी आणि पितळी जोडण्या मिळून खर्च किटच्या किमतीच्या आसपाससुद्धा गेला नाही. एक सांगते, ग्रिलच्या लेबलवर ११ इंचाऐवजी वेगळा दाब असेल तर तिचा रेग्युलेटर काढूच नका. काही कॅम्पिंग शेगड्या मुळातच जास्त दाबावर चालतात, त्यांचे जेट (गॅस बाहेर येण्याचं बारीक छिद्र) वेगळे असतात. त्या या लाइनवर नीट पेटतच नाहीत. आणि काढलेला रेग्युलेटर, भंगार म्हटला तरी, आपल्याकडे ठेवून घ्या.

पैशांचं म्हणाल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दुकानदार आधी म्हणाला, 'बिल दाखवा, माल आमचा कशावरून?' पण यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचं 'वहिनी, माणूस निघाला' आणि निळ्या पेटीचे फोटो आमच्याकडे होते. वकिलाची नोटीस गेल्यावर ८,५०० परत आले. फिटिंगचे १,५०० आणि ग्रिलचा मूळ रेग्युलेटर त्याने दिला नाही, 'माणूस काम सोडून गेला' म्हणतो. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. खोट्या चिन्हाची तक्रार बीआयएस केअरवर वेगळी केली आहे. घासलेला रेग्युलेटर आणि स्टिकर आम्ही पिशवीत सीलबंद ठेवलाय, तो कितीही मागितला तरी परत देणार नाही.

ती निळी पेटी अजून त्या कपाटात आहे. गेल्या आठवड्यात माझ्या मैत्रिणीने पाहिली. कोणाच्या गाडीत ते किट आधीच बसलेलं असेल तर आज ग्रिल किंवा शेगडी पेटवू नका. रेग्युलेटर बंद करून सिलिंडरवरून उतरवा, त्याच्या डोक्यावर काळी टोपी आहे का ते बघा आणि स्टिकरला नख लावून बघा. गॅसचा वास येत असेल तर गाडीची दारं उघडून सगळे लांब जा, दिव्याचं बटण किंवा स्टार्टर कशालाही हात लावू नका आणि लांबूनच १९०६ या गॅसगळतीच्या आपत्कालीन हेल्पलाइनला फोन करा.