एटीआर की एम्ब्रेअर: मंदीत कोण टिकेल?

मंदीत छोट्या हवाई मार्गाचं गणित इंधनावर ठरतं. अलायन्स एअर कंपनीचं एटीआर ७२ विमान सुमारे सत्तर प्रवासी नेतं, ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडतं आणि बाहेरच्या पंख्यावर (प्रोपेलरवर) चालत असल्याने इंधन बरंच कमी पितं. स्टार एअरचं पन्नास आसनी एम्ब्रेअर १४५ जेट ताशी ८०० गाठतं. पण कोल्हापूर-मुंबईसारख्या छोट्या टप्प्यात वाचतात जेमतेम काही मिनिटं, आणि खर्च वाटून घ्यायला माणसंही कमी. हजार किलोमीटरवर मात्र जेटचा वेग खरा उपयोगी.

छोटी शहरं विमानाने जोडणाऱ्या ‘उडान’ या सरकारी योजनेचं अनुदान साधारण तीन वर्षांचं. ते संपल्यावर आमच्या छोट्या गावांची विमानं टिकावीत असं मनापासून वाटतं, म्हणून जवळच्या मार्गांवर माझं मत एटीआरला.