डीबी (वीजवाटपाची पेटी) बाहेर पडवीत की आत माजघरात?

कोकणात घर बांधताना महावितरणचा मीटर बाहेरच्या भिंतीवर बसतो, ते ठीकच. रीडिंग घ्यायला सोपं. पण एमसीबीची (जास्त करंट वाहिला की आपोआप बंद, म्हणजे ट्रिप, होणाऱ्या स्विचांची) डीबीही त्याच्याच शेजारी लावावी का? वायर कमी लागते, आणि घरात आग लागली तर आत न शिरता वीज बंद करता येते. हा फायदा खरा आहे.

तरी मी आतच लावेन. पावसाळ्यात चार महिने ओल, त्यात खारा वारा. टर्मिनलचे स्क्रू गंजतात, जोड सैल पडतो, मग तापू लागतो. मुंग्या-पाली शिरतात त्या वेगळ्याच. शिवाय घरगुती एमसीबीचं रेटिंग ३० अंश सेल्सिअसला ठरवलेलं असतं. पश्चिमेच्या उन्हात तापलेल्या पेटीत तो लवकर ट्रिप होतो. आणि रात्री भर पावसात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडला, तर ओल्या हातांनी बाहेर जायचं?

बाहेरच लावायची असेल तर आयपी ६५ ची (धूळ-पाणी आत न घेणारी) पेटी घ्या, वायर खालून ग्लँडमधून (वायरभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) आणा, वर पत्रा हवाच. आत लावताना बाथरूम, शेगडीच्या वरची भिंत आणि कपाटामागची जागा टाळा. मीटरजवळ मात्र एक मेन स्विच ठेवाच, म्हणजे बाहेरूनही वीज तोडता येईल.