पुढून ठोकलेली गाडी आधी कुणाला दाखवावी: कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला की उद्यमनगरातल्या मेस्त्रीला?

गाडी पुढून ठोकली की कोल्हापुरात दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, सर्व्हिस सेंटरला लाव, कॅशलेस आहे, डोक्याला ताप नको. दुसरा म्हणतो, उद्यमनगरात ने, मेस्त्री बघून सांगंल. मी दोन्हीकडे गाडी लावून बघितलीय. दुरुस्ती कुणाची सरस हा वाद वेगळा. इथं फक्त नुकसान बघण्याबद्दल बोलतोय: नेमकं काय मोडलंय, काय वाकलंय आणि विम्याचा क्लेम करावा की नाही, इथपर्यंतच. मोबाइलवरून फोटो पाठवून सर्व्हे करायची तिसरी सोयही हल्ली असते. बंपरला ओरखडा असेल तर ती पुरते. त्यापुढं नाही, कारण कॅमेऱ्याला बंपरच्या आतलं दिसत नाही.

आणि खरा खर्च आतच असतो. आपल्या भागात हंगामात उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलेल्या गाड्या बघा. ट्रॉलीचा मागचा भाग उंच, त्यामुळं बंपर खालून जातो आणि मार बॉनेटच्या कडेला, ग्रिलला आणि रेडिएटर धरून ठेवणाऱ्या पट्टीला बसतो. बंपर जवळजवळ साबूत, आत मात्र एसीचा कंडेन्सर दाबला जाऊन फॅनला टेकलेला. याच्या उलट, सिग्नलला पुढच्या गाडीला हळू टेकलं तर बंपर फाटतो, हेडलाइटचे कान (बसवायच्या पट्ट्या) तुटतात, म्हणजे दिसायला भयानक, पण आतला लोखंडी बीम जागच्या जागी. बाहेरून बघून आकडा सांगणारा माणूस पहिल्या गाडीत फसतो आणि दुसऱ्या गाडीत तुम्हाला घाबरवतो.

सर्व्हिस सेंटरच्या बाजूनं बोलायचं तर पुष्कळ आहे. तिथं स्कॅनर असतो, एअरबॅगचा दिवा का पेटलाय ते नेमकं कळतं. पार्टच्या किमती कॉम्प्युटरवर असतात, अंदाजे बोलणं नसतं. नुकसान तपासणारा विमा कंपनीचा सर्व्हेअर तिथं येतोच, त्याला फोन करून बोलवावं लागत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर प्रश्नच नाही. ग्रिलमागं रडार असलेल्या नव्या गाड्यांचंही तसंच, तो सेन्सर परत जुळवायला कंपनीचीच यंत्रणा लागते.

माझी अडचण झाली ती काउंटरवर. मला आधी कळायला हवं होतं की क्लेम करण्याइतकं नुकसान आहे का. सल्लागारानं बॉनेट उघडलं, भोवती एक चक्कर मारली आणि क्लेम फॉर्म पुढं सरकवला. म्हटलं, बंपर खोलून बघा, मग ठरवतो. तर म्हणे, ‘सर, क्लेम रजिस्टर झाल्याशिवाय गाडी खोलता येत नाही.’ आणि गाडी खोलल्याशिवाय मी क्लेमचं ठरवू शकत नव्हतो. मग छापील एस्टिमेट मिळालं, त्यात खाली बारीक अक्षरात, खोलल्यावर खर्च वाढू शकतो. तो वाढलाच. गाडी आत गेली, मी बाहेरच्या सोफ्यावर, आणि पुढचं सगळं फोनवर: ‘सर, अजून एक पार्ट निघालाय, अप्रूव्हल द्या.’ दर वेळी नवा फोटो, दर वेळी सर्व्हेअरची नवी मंजुरी, आणि तोवर गाडी तिथंच उभी. पार्ट खरंच मोडला होता की नाही याबद्दल मी काही म्हणत नाही, मोडलाही असेल. पण मला तो दिसला नाही, एवढंच मनातून जात नाही. सगळीकडे असंच असेल असंही नाही. काही ठिकाणी आत येऊ देतात म्हणे.

क्लेमचा हिशोब तसा नाजूक असतो, म्हणून ही चिडचिड जास्त. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतो, आणि एनसीबी प्रोटेक्ट (हा बोनस वाचवणारी जादा सोय) घेतलेलं नसेल तर एका क्लेमनं तो जातो. झिरो डेप (घसाऱ्याचे पैसे न कापण्याची जादा सोय) नसेल तर बंपर, ग्रिलसारख्या प्लॅस्टिक भागांचे निम्मेच पैसे कंपनी देते. लोखंडी भागांवर गाडीच्या वयाप्रमाणं कपात, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. वर सक्तीची कपात, १५०० सीसीपर्यंत १००० रुपये, त्यापुढं २०००. नुसत्या फाटलेल्या बंपरसाठी क्लेम करणं बऱ्याचदा तोट्यातच जातं. कंडेन्सर, रेडिएटर आणि अ‍ॅप्रन (चाकाच्या आतल्या बाजूचा लोखंडी पत्रा) गेलं असेल तर न करणं वेडेपणा. म्हणजे आतलं आधी दिसायलाच हवं.

उद्यमनगरातला मेस्त्री इथं मला बरा वाटला. पान्याला हात लावायच्या आधी तो गाडीपुढं उकिडवा बसला आणि बॉनेट-फेंडरमधली फट दोन्ही बाजूंनी बोटानं चाचपली. एका बाजूला करंगळी जाईना. मग पुढचं दार उघडून फेंडरला घासतं का बघितलं. वरच्या चार क्लिपा काढून बंपर जरासा पुढं ओढला, आत टॉर्च मारला. ‘आकडा मागनं सांगतो साहेब, आदी हितं बघा,’ म्हणून त्यानं दाखवलं ते अ‍ॅप्रनच्या जोडावरचं सीलंट होतं, केसासारखी चीर पडलेली. तशी चीर दिसली की मार बीमवर थांबलेला नाही, आत गेलाय. खात्रीसाठी टेप काढला आणि इंजिनवरून तिरकी मापं घेतली: डाव्या शॉकअपच्या बोल्टपासून उजव्या पुढच्या कोपऱ्यापर्यंत, मग उलट. दोन मापं जुळली तर सांगाडा तिरका झालेला नाही, फरक निघाला तर गाडी बेंचवर (सांगाडा सरळ करायच्या चौकटीवर) चढवून ओढावी लागणार. टेप धरायला दुसऱ्या टोकाला मीच उभा होतो. बंपर परत दाबून बसवला, गाडी होती तशी, सर्व्हेअरला दाखवायला काही बिघडलं नाही.

हे सगळे मेस्त्री करतील असं नाही. काही जण लांबूनच ‘होतंय की, टेन्शन घेऊ नका’ म्हणतात, त्यांच्याकडं गाडी सोडू नये. शिवाय मेस्त्रीला एअरबॅगमधलं कळत नाही, कळतं म्हणाला तरी विश्वास ठेवू नका. नव्या गाड्यांचं पोलाद गॅसनं तापवून सरळ करायचं नसतं, त्यानं त्याची ताकद जाते. जुन्या हाताला हे पटवणं अवघड. रंगाच्या बाबतीत तर धूळ नसलेली बंद बूथ सर्व्हिस सेंटरकडंच. पैसे आधी आपण भरायचे, पक्कं जीएसटी बिल मागून घ्यायचं आणि मग कंपनीकडून परत मिळवायचे, हाही व्याप आहे.

हेडलाइटबाबत दोघांचे हिशोब अगदी वेगळे पडतात. एक कान तुटला तर सर्व्हिस सेंटर पूर्ण हेडलाइट बदलायला सांगतं, मेस्त्री प्लॅस्टिक वेल्डिंगनं कान जोडून देतो. काच आणि आतला रिफ्लेक्टर धड असेल तर मी जोडूनच घेतो. कंडेन्सर मात्र जोडून घेऊ नये. नळी कुठंतरी परत पाझरते आणि उन्हाळ्यात एसी बसतो.

तेव्हा एअरबॅग उघडली असेल, गाडी वॉरंटीत असेल किंवा पुढं रडार असेल तर सरळ सर्व्हिस सेंटर गाठा. बाकीच्यांनी, माझं ऐकाल तर, त्याच दिवशी अर्धा तास काढून मेस्त्रीकडं जाऊन यावं. खाली पाणी गळत असेल तर इंजिन चालू न करता, टोइंगवरून. चिरीचे, वाकलेल्या पट्टीचे आणि नंबरप्लेट दिसेल असे फोटो काढा आणि क्लेम करायचा ठरला तर त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा, उशीर केला की ते कारण काढतात. मग गाडी सर्व्हिस सेंटरला लावली तरी चालेल. मी पुढच्या वेळी तसंच केलं. सल्लागारानं ‘खोलल्यावर बघू’ म्हटल्यावर मी अ‍ॅप्रनचा फोटो त्याच्यापुढं धरला. अ‍ॅप्रन, कंडेन्सर, वरची पट्टी सगळं पहिल्याच एस्टिमेटमध्ये आलं आणि सर्व्हेअरनं एकाच फेरीत मंजूर केलं.