भाषांतर सर्व्हिसचा रिव्ह्यू : वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांना कैदी करून ठेवलं (५ पैकी २ स्टार)

कंपनीचं नाव लिहीत नाही, ऑनलाइन भाषांतर करून देणारी एक सर्व्हिस आहे, दोन रुपये शब्द, तीन दिवसात डिलिव्हरी. आमची मावशी एका वृद्धाश्रमाच्या ट्रस्टवर आहे, त्यांचा वार्षिक अहवाल इंग्रजीत होता (देणगीदार कंपन्यांना इंग्रजीच लागतं) आणि तो गावातल्या लोकांसाठी मराठीत करून हवा होता, म्हणून मीच शहाणपणा करून ह्यांना काम दिलं.

फाईल वेळेत आली, खोटं कशाला बोलू. फॉन्ट फुटलेला नाही, जोडाक्षरं नीट, आकडे बरोबर. पण पहिल्याच पानावर "संस्थेत सध्या ४२ कैदी असून त्यापैकी २६ महिला कैदी आहेत". पुढे "कैद्यांना दुपारी ४ ते ६ या वेळेत बाहेर सोडण्यात येते". मावशीने तो कागद जेवणाच्या हॉलमध्ये वाचून दाखवला, रिटायर्ड पोस्टमास्तर आजोबा आहेत एक, ते म्हणाले अहो ताई, माझा जामीन कधी होणार ते बघा की जरा. सगळे हसले, एक आजी मात्र हसल्या नाहीत, त्यांना मुलाने सोडल्यापासून कोणी भेटायला आलेलं नाही.

मूळ इंग्रजीत शब्द होता इनमेट. आता ह्या शब्दाची गंमत अशी की तो मुळात कैदेचा नाहीच. एकाच घरात सोबत राहणारा, पोटभाडेकरूच म्हणा, असा त्याचा जुना अर्थ. १५८९ साली इंग्लंडात झोपड्यांबद्दल कायदा झाला, एका झोपडीत एकच कुटुंब राहील, जास्तीचे इनमेट ठेवायचे नाहीत, म्हणजे तिथे इनमेट आत डांबलेला नाही, उलट त्यालाच बाहेर काढायचंय! नंतर तो शब्द इस्पितळं, वेड्यांची इस्पितळं, तुरुंग असं करत करत कुलपाच्या आत गेला. आपल्याकडच्या इंग्रजीत अजून दोन्ही चालतात, हॉस्टेलच्या मुली पण इनमेट, आश्रमातले पण इनमेट, जेलमधले पण इनमेट. त्यामुळे लिहिणाऱ्याची चूक नव्हती, भाषांतर करणाऱ्याने एकदा वर बघायचं होतं की बाबा, बिल्डिंग कोणती आहे.

कारण मराठीत आपण बिल्डिंग बघूनच शब्द काढतो. तुरुंगात बोलताना कैदी, पण कारागृह खात्याच्या कागदावर बंदी, शिक्षा झाली असेल तर सिद्धदोष बंदी, केस चालू असेल तर न्यायाधीन बंदी, त्यालाच आपण कच्चा कैदी म्हणतो (आणि देशातल्या तुरुंगांत चारातले साधारण तीन कच्चेच आहेत, म्हणजे गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही). खटल्याशिवाय प्रतिबंधक कायद्याखाली आत ठेवला तर स्थानबद्ध. बालगृहात, महिलांच्या सरकारी संस्थांत प्रवेशित, जो ऐकला की मला अकरावीच्या ॲडमिशनची लिस्ट आठवते, पण निदान कुणाचा अपमान तरी होत नाही. बंदी शब्दाची वेगळीच कटकट, तो बंदी म्हणजे माणूस आणि ती बंदी म्हणजे दारूबंदी नोटबंदी. आणि वृद्धाश्रमात? तिथे कुणीच शब्द वापरत नाही, सरळ आजी-आजोबा म्हणतात, फार तर निवासी. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे ना, त्यात सुद्धा वृद्धाश्रमातल्यांना इंग्रजीत इनमेट म्हटलेलं नाही, सरळ इनहॅबिटंट म्हणजे तिथे राहणारे असं आहे.

असो, रिव्ह्यू. कस्टमर केअरला फोन केला, मुलगी गोड बोलली, "सर डिक्शनरीत हाच अर्थ आहे". मी म्हटलं डिक्शनरीत चार अर्थ असतात हो, त्यातला आमचा कुठला ते बघायचेच तर पैसे देतोय तुम्हाला. मग फ्री रिव्हिजन मिळाली, चोवीस तासात, ह्याचा एक स्टार त्यांना.

पण रिव्हिजन म्हणजे काय केलं तर कैदी शोधलं आणि सगळीकडे रहिवासी टाकलं. वाचलं नाहीच. आमचं भजनी मंडळ दिवाळीत जिल्हा कारागृहात कार्यक्रम करतं, अहवालात त्याचं एक पान आहे, ते आता असं झालं, "कारागृहातील रहिवाशांनी फराळाचा आस्वाद घेतला". पोस्टमास्तर आजोबांना दाखवलं तर म्हणाले बघा, आम्ही सुटलो आणि ते सोसायटीत राहायला गेले.

शेवटी मावशीने आणि मी रात्री बसून पेनाने दुरुस्त केलं. बिलाबद्दल भांडलो नाही, पण मोजलं मात्र. पहिल्या फाईलीत कैदी हा शब्द ३१ वेळा होता, दोन रुपयांप्रमाणे ६२ रुपये, ते त्यांनी पूर्ण लावलेत.