विंडोज ११ च्या बीटावर व्हॅलोरंट: घरमालक ये म्हणतो, वॉचमन सोडत नाही

ही गोष्ट सप्टेंबर २०२१ ची, विंडोज ११ तेव्हा बीटात, म्हणजे रीतसर येण्याआधी लोकांना तपासायला दिलेल्या रूपात होतं, आणि मला त्यावर व्हॅलोरंट हा ऑनलाइन गोळीबाराचा गेम खेळायचा होता. घाईत असाल तर एवढंच वाचा, गेम चालतो. मस्त चालतो. रायझन ५ ३६००, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १६५०, असा एकदम मध्यमवर्गीय पीसी आहे माझा, आणि विंडोज १० वर जेवढे एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) मिळत होते तेवढेच ११ च्या बीटावर मिळाले, पाच-दहा इकडे तिकडे. पुण्यातून मुंबई सर्व्हरला पिंगही (सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ) तेवढाच. तेव्हा नवीन विंडोज टाकलं आणि गेम उडायलाच लागला असं जे व्हिडिओवाले तोंड वासलेला फोटो लावून सांगतायत त्यांना हात जोडा आणि पुढे व्हा.

डोक्याची मंडई झाली ती गेम सुरू व्हायच्या आधी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, व्हॅलोरंटबरोबर व्हॅनगार्ड नावाचा अँटी-चीट (फसवणूक पकडणारा प्रोग्रॅम) येतो आणि हा बाकीच्या बऱ्याच जणांसारखा गेमबरोबर चालू होत नाही, पीसी चालू झाल्या झाल्या कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या पार गाभ्यात जाऊन बसतो, आणि मधेच तुम्ही त्याला खालच्या ट्रेमधून बंद केलं तर रिस्टार्ट मारल्याशिवाय गेम उघडत नाही. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमनच तो. विंडोज १० वर हा वॉचमन तेव्हा टीपीएम (पीसीतली सुरक्षेची चिप) बिपीएम काही विचारत नव्हता, पण ११ वर मात्र टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेलंच चालू होऊ देणारी सोय) दोन्ही चालू पाहिजे म्हणजे पाहिजेच, नाहीतर व्हॅन ९००१ असा एरर दाखवून घरी पाठवतो. गंमत बघा, खुद्द मायक्रोसॉफ्टने इनसायडरवाल्या, म्हणजे बीटा तपासायला नाव दिलेल्या बऱ्याच लोकांना अटीत न बसणाऱ्या मशीनवरसुद्धा प्रीव्ह्यू टाकू दिला होता. म्हणजे घरमालक वरून हात हलवून ये ये म्हणतोय आणि वॉचमन म्हणतो आधी कागदपत्रं. सप्टेंबरच्या सुरुवातीला ही कडक तपासणी चालू झाली तेव्हा अशा बऱ्याच जणांचा गेम एका रात्रीत बंद पडला. मला व्यक्तिशः राग नाही आला, कारण सिक्युअर बूट असला की विंडोजच्या आधी बिनसहीचं काहीबाही लोड होऊन बसत नाही, आणि भिंतीपलीकडून हेडशॉट मारणाऱ्या पोरांचा मला जास्त राग आहे.

तर माझं. टीपीएमचं काम दोन मिनिटांत झालं, बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एएमडीवाल्यांना एफटीपीएम नावाने ते मिळतं, इंटेलवाल्यांनी पीटीटी शोधायचं. आत्मविश्वास वाढला. त्याच जोशात सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी सोय) बंद केलं, सिक्युअर बूट चालू केलं, सेव्ह, एक्झिट, आणि समोर काळी स्क्रीन, बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणे. हे गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, घरात पाहुणे, आणि आई म्हणतेय की जरा तो कॉम्प्युटर लाव बाळांना आरत्या लावून दे. लावल्या मोबाईलवर.

चूक माझीच, न वाचता हात घातला. पण मूळ दुखणं असं की आदल्या वर्षी लॉकडाऊनमध्ये ज्या दुकानातून पीसी जोडून घेतला (नाव घेत नाही, माणूस तसा चांगला आहे) त्याने विंडोज जुन्या पद्धतीने लेगसी मोडमध्ये टाकलेलं, डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची, आणि सिक्युअर बूटला लागतं यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायोस) आणि जीपीटी (डिस्कची नवी मांडणी). मायक्रोसॉफ्टचं एमबीआरटूजीपीटी नावाचं टूल विंडोज १० पासून आतच असतं, ते डेटा न उडवता डिस्क बदलून देतं, म्हणून सीएसएम परत चालू करून ते चालवलं. तर त्याने तपासणीतच नापास केलं. का तर त्याला एक्सटेंडेड पार्टिशन (एका मोठ्या तुकड्यात पाडलेले छोटे ड्राइव्ह) चालत नाही, आणि आपल्याकडे सी डी ई एफ असे चार ड्राइव्ह पाडून दिल्याशिवाय दुकानदाराला पीसी दिल्यासारखं वाटतच नाही ना. माझ्या एफ ड्राइव्हमध्ये आजपर्यंत दोन फोटो होते.

शेवटी आतेभावाची हार्डडिस्क आणली, सगळा बॅकअप, आणि सरळ फॉरमॅट. १९ ऑगस्टला मायक्रोसॉफ्टने इनसायडरची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) दिली होती, ती पेनड्राइव्हवर टाकून कोरं इन्स्टॉल केलं. त्यानंतर एकदाही व्हॅन ९००१ नाही. फ्रॅक्चर हा तेव्हाचा नवा मॅप आल्यापासून रोज तीनचार मॅच होतात, एकदाही क्रॅश नाही, बीटा आहे म्हणून मी तर मॅच अर्धी टाकावी लागणार आणि शिव्या खाणार हे धरूनच बसलो होतो.

बाकी विंडोज म्हणून सांगायचं तर दिसायला देखणं आहे, कोपरे गोल, स्टार्ट बटण मधे (सेटिंगमधून डावीकडे नेता येतं, मी नेलं). टास्कबार मात्र या बीटात वर किंवा बाजूला नेता येत नव्हता. राइट क्लिकमधलं रिफ्रेश पहिल्या बिल्डला (आवृत्तीला) आतल्या मेनूत ढकललं होतं, जुलैत डेस्कटॉपवर परत बाहेर आणलं, लोकांनी किती बोंब मारली असेल विचार करा. ऑटो एचडीआरचं (गेमचे रंग आणि उजेड आपोआप खुलवणारी सोय) कौतुक ऐकलं पण माझ्या मॉनिटरला एचडीआरच नाही.

पण बीटा तो बीटा. २ सप्टेंबरला जगभर इनसायडरवाल्यांचे स्टार्ट आणि टास्कबार गायब झाले, आणि कारण काय तर मायक्रोसॉफ्टच्याच टीम्स ॲपची एक जाहिरात सर्व्हरवरून आली तिने स्टार्ट आणि टास्कबार चालवणारा एक्सप्लोररच लटकवला. जाहिरातीने टास्कबार पाडला! मी तेव्हा अजून १० वर होतो म्हणून वाचलो.

करायचंच तर डेव्ह चॅनेलच्या (सगळ्यात कच्चे बिल्ड देणाऱ्या वाटेच्या) नादी लागण्यात अर्थ नव्हता, तिकडे तेव्हा पुढच्या काळातले बिल्ड यायला लागले होते आणि मागे यायचं तर परत फॉरमॅट. बीटा चॅनेल बरा होता. १० वरून अपग्रेड केलं तर दहा दिवसांत मागे जाता येतं, माझ्यासारखं कोरं टाकलं तर ती सोय नाही. आणि टीपीएम.एमएससी आणि एमएसइन्फो३२ रन करून आधीच बघा, बायोस मोडसमोर लेगसी लिहिलं असेल तर त्या दिवशी रँक खेळायचा विचार सोडा.

नुसत्या व्हॅलोरंटसाठी म्हणाल तर बीटा टाकायची गरज नव्हती, ५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ रीतसर आलंच आणि १० वर गेम तसाच पळत होता. पाचपैकी तीन स्टार देतो, तिन्ही स्टार गेम न अडकल्याबद्दल. मी आता इथेच थांबतोय, परत फॉरमॅट मारायची ताकद नाही आणि आतेभाऊ रोज हार्डडिस्क मागतोय.