पॉवर व्हेंट वॉटर हीटर : हीटर बरा, वैताग पाइपचा

गेल्या उन्हाळ्यात पन्नास गॅलनचा, तासाला ४०,००० बीटीयू उष्णतेचा पॉवर व्हेंट हीटर घेतला, म्हणजे गॅसवरचा, ज्याचा ब्लोअर (पंखा) धूर प्लास्टिकच्या पाइपातून भिंतीबाहेर ढकलतो. आम्ही कॅनडात ओंटारियोत राहतो, इथे बहुतेकांचा हीटर भाड्याचा असतो आणि ते दरमहाचं भाडं माझ्या डोक्यात जायचं म्हणून सरळ विकत घेतला. गरम पाणी भरपूर, घरात पाहुणे असले तरी शेवटच्याला गार पाणी नाही. ब्लोअर घरघरतो, पण बेसमेंटमध्ये कोणी झोपत नाही त्यामुळे चालतंय.

आता पाइप. जुन्या हीटरला बिल्डरच्या काळातला काळा एबीएस प्लास्टिकचा पाइप होता, मी म्हटलं तोच राहू दे की, चांगला आहे. तर बसवणारा म्हणे नव्या हीटरला यूएलसी एस६३६ (गॅसच्या धुराच्या प्लास्टिक पाइपांचं कॅनडातलं मानक) छापलेला व्हेंटचाच पाइप लागतो. दुकानात त्याच्याच शेजारी ड्रेनेजचा पांढरा पीव्हीसी प्लास्टिकचा पाइप कितीतरी स्वस्त, दिसायला जुळा भाऊ, त्यामुळे मला वाटलं हा आपल्याला कापतोय. पण चौकशी केली, गॅसच्या कामाचा कोडच (नियमावलीच) तसा आहे. एस६३६ पीव्हीसी ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चालतो, जास्त उष्णता सोसणारा सीपीव्हीसी ९० पर्यंत. ब्लोअर धुरात खोलीतली हवा मिसळून तो थंड करतो, म्हणून तर प्लास्टिक टिकतं. असो, दिले पैसे.

आणि ऐन जानेवारीत हीटर बंद! ब्लोअर फिरतोय, पण ज्योत पेटत नाही, पाइपातून गुळगुळ आवाज. तेव्हा चिडून मी हीटरला एक स्टार दिला होता. बसवणारा म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते बसवणाऱ्याला विचारा, आणि घरात सगळे पातेल्यात पाणी तापवून आंघोळी करतायत. शेवटी पदरचे पैसे घालून दुसरा लायसन्सवाला गॅस टेक्निशियन बोलावला. त्याने हीटरकडे बघितलंही नाही, लेव्हल काढली आणि पाइपवर ठेवली. मधोमध झोल! धुरातल्या वाफेचं पाणी होऊन तिथे साचलेलं, हवेची वाट अडली, आणि हवा नीट वाहत नसेल तर ज्योत अडवणाऱ्या प्रेशर स्विचने हीटर पेटूच दिला नाही. म्हणजे हीटर त्याचं काम चोख करत होता. स्टार बदललेत.

झोल का, तर क्लॅम्प वाचवले. मॅन्युअलमध्ये चार-चार फुटांवर आधार द्या लिहिलंय, पाइप हीटरकडे फुटाला पाव इंच उतरता ठेवा म्हणजे पाणी परत येऊन ड्रेनच्या नळीतून जाईल असंही लिहिलंय, आणि या पठ्ठ्याने भिंतीपर्यंतच्या एवढ्या लांब पाइपला फक्त दोन क्लॅम्प मारले. दोन! क्लॅम्पला लागतात किती पैसे? माझ्याकडून पाइपचे चढे पैसे घेतलेस ना बाबा, मग त्यात चार क्लॅम्प बसत नव्हते?

पण खरी तिडीक पुढे गेली. नवीन माणसाने जाता जाता एल्बो (पाइपाच्या वळणाचा तुकडा) हातात धरून पिळला आणि तो फिरला. बाहेरून जांभळ्या प्रायमरचं कडं अगदी सुबक दिसत होतं, आत सिमेंटच (पाइप चिकटवायचा गोंद) नाही, नुसता कोरडा खोचलेला. चिमणीवाल्या जुन्या पद्धतीच्या हीटरात धूर आपोआप वर ओढला जातो, इथे ब्लोअर तो पाइपात ढकलतो, म्हणजे सांधा सैल असेल तर कार्बन मोनॉक्साइड थेट घरात. अलार्म वाजला नाही हे नशीब. त्याने तो तुकडा कापून टाकला, कडा साफ केल्या, प्रायमर, सिमेंट, पाव फेरा फिरवून दाबून धरलं, आणि सुकल्याशिवाय हीटर चालू करायचा नाही अशी तंबी दिली. मग हीटर चालू असताना प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी. बुडबुडा नाही. मगच त्याने बिल फाडलं.

पाइपाचं बाहेरचं तोंड जमिनीपासून बारा इंच चालतं असं वाटेल, पण ते बर्फाच्या वर बारा इंच मोजायचं, हेही त्यानेच सांगितलं. आमचं बऱ्यापैकी वर आहे, ते मात्र पहिल्या बसवणाऱ्याने नीट केलं होतं.

पाइप घेताना सिमेंट-प्रायमर त्याच सिस्टिमचं घ्या, एका कंपनीचा पाइप आणि दुसरीचा एल्बो असला जुगाड नको. हीटरपासूनचे पहिले तीन फूट प्लास्टरबोर्डमागे झाकू देऊ नका, ते तपासायला उघडेच ठेवायचे असतात. आणि बसवणारा निघायच्या आत एल्बो स्वतः पिळून बघा, त्याला राग आला तरी.

हीटरला चार स्टार, एक घरघरीचा कापला. पहिल्या बसवणाऱ्याकडे दुसऱ्याचं बिल पाठवलंय, अजून उत्तर नाही.